मागे पडणारी डबी

आमच्या आईच्या घरातलं एकही घड्याळ खरं नाही. हॉलमधलं दहा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं पंधरा मिनिटं पुढे, आणि देवाच्या फळीवरचं किती पुढे आहे ते तिलाही माहीत नसावं. "पुढं असलं की माणूस हलतं," हे तिचं म्हणणं. लहानपणी शाळेला निघताना मी आणि ताई मनातल्या मनात वजाबाकी करायचो. हे आईला कळलं तेव्हा तिनं कुणाला न सांगता काटा आणखी पाच मिनिटं ढकलला. असल्या घरात वाढलेला मी पोटापाण्यासाठी काय करतो, तर यंत्रांना वेळ शिकवतो.

पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळ एका गाळ्यात आमची लहानशी कंपनी आहे. आम्ही द्राक्षबागांसाठी ठिबकचे कंट्रोलर बनवतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती मिनिटांनी बंद करायचा, हे त्या डबीनं ठरवायचं. तिच्यात नखाएवढी एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर. तिच्या शेजारी एक क्रिस्टल असतो, तो सेकंदाला एक कोटी साठ लाख वेळा थरथरतो. चिपमधला टायमर या थरथरी मोजत बसतो आणि आपण सांगितलेला आकडा भरला की चिपला हाक मारतो, झाला बघ एक सेकंद. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. चिपनं हातातलं काम टाकायचं, सेकंद एकानं वाढवायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. बावीस वर्षं मी हेच करतोय. आता कंटाळा आलाय असं म्हणायचीही ताकद राहिलेली नाही. सकाळी सातपासून फोन सुरू होतो, "साहेब, लय उशिरा उघडला हो तुमचा व्हॉल्व्ह," आणि मी चहा गार होईपर्यंत ऐकत राहतो.

कंपनीत नवीन पोरं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. इंटरप्ट म्हणजे दारावरची बेल. उठायचं, दार उघडायचं, काय ते घ्यायचं, परत यायचं. पाहुण्याशी दारातच गप्पा मारत उभं राहायचं नाही, कारण तेवढ्या वेळात दुसरं कुणी आलं तर त्याची बेल तुम्हाला कळणार नाही. हे मी इतक्या जणांना, इतक्या वेळा आणि इतकं चिडून सांगितलंय की गाळ्यातली माणसं माझी नक्कल करताना नेमकं हेच वाक्य म्हणतात.

बाबांचं देवळाली कॅम्पात सायकलींचं दुकान होतं. लष्करातल्या माणसांच्या सायकली, त्यांच्या पोरांच्या सायकली. बाबांनी आयुष्यात मनगटावर घड्याळ बांधलं नाही. ऊन पायरीवर आलं की दुकान उघडायचं, पंक्चरची पाण्याची पाटी दिसेनाशी झाली की बंद करायचं. चाकाचा आऊट काढताना ते डोळे मिटून नुसतं बोट लावायचे आणि चाक कुठे वाकडं आहे ते सांगायचे. त्याच बोटांना पाच-सहा वर्षांपूर्वी थरथर सुरू झाली. पुढे पाय अडखळायला लागले, चेहऱ्यावरचं हसू कमी झालं, आवाज बारीक झाला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला.

या आजारात गोळीची वेळ म्हणजे सगळं काही. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार, संध्याकाळी सात, रात्री दहा. गोळी अंगात असते तोवर बाबा सावकाश का होईना, आपले आपण बाथरूमपर्यंत जातात, अंगणात दोन फेऱ्या मारतात. गोळीचा असर उतरला की पाय जमिनीला चिकटतात. मनात चालायचं असतं, वरचं अंग पुढे झुकतं आणि पाऊल उचलत नाही. पडतात ते असे. "पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालेल," डॉक्टर म्हणाले, "पण अर्धा-पाऊण तास उशीर नको. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर परत उभं करणं अवघड जातं."

आता ही वेळ पाळायची कुणी, तर आईनं. आणि घड्याळं कुठली, तर तिची! सकाळची गोळी हॉलच्या घड्याळावर, दुपारची स्वयंपाकघरातल्या, संध्याकाळची देवाच्या फळीवरच्या, म्हणजे दोन गोळ्यांत कधी पावणेतीन तास, कधी सव्वातीन. मी तिकडे राहायला जाऊ शकत नव्हतो. नोकरी पंचवटीत, मुलांच्या शाळा पंचवटीत. ताई दिंडोरीला दिलेली, तिच्यामागे बागेची कामं. ती म्हणाली, "आईच्या मोबाईलला गजर लाव की." लावला. दोन दिवसांनी आई म्हणाली, "वाजलाच नाय." मी म्हटलं, तू कुठलं तरी बटण दाबून गप्प केला असशील. ती म्हणाली, "मी हात पण लावला नाय." आमचं त्यावरून वाजलं आणि गजराचा विषय तिथेच संपला.

मग एका रविवारी दुपारी मी डबी बनवली. कंपनीतला एक जुना सर्किट बोर्ड, तीच चिप, तोच क्रिस्टल, वर वेळ दाखवणारा छोटा डिस्प्ले, एक बझर आणि एक मोठं लाल बटण. प्रोग्राम तासाभरात लिहिला. खरं सांगतो, डोळे मिटत होते लिहिताना. वेळ झाली की डबी पीं पीं पीं करत राहील, बटण दाबलं की गप्प बसेल. ती बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि आईला बजावलं, "यापुढे गोळीसाठी घड्याळाकडे बघायचं नाही. एकाही घड्याळाकडे नाही. डबी वाजली की गोळी द्यायची, बटण दाबायचं, विषय संपला."

"माझ्या घड्याळांनी काय घोडं मारलं?" आई फणकारली.

"तुझ्या घड्याळांबद्दल मी बोलतच नाही," मी म्हटलं, आणि पुढची दहा मिनिटं त्यांच्याबद्दलच बोललो.

पुढच्या रविवारी गेलो तर डबी चोवीस मिनिटं मागे. मी फोनवरच्या वेळेशी तीनदा ताडून पाहिली. बावीस वर्षं वेळेचं काम करणाऱ्या माणसाची डबी आठवड्यात चोवीस मिनिटं मागे पडते म्हणजे तोंड लपवायची गोष्ट. आई दारातून म्हणाली, "मी म्हणतच होते, माग पडतीय ती." मी म्हटलं, "तुला काय माहीत, तुझी घड्याळं पुढे आहेत म्हणून तुला तसं वाटतंय." एवढं बोलून डबी गुपचूप बरोबर लावली आणि घरी आलो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात सदतीस मिनिटं. मग एकोणतीस. माझं डोकं फिरलं. क्रिस्टल खराब असला तर तो रोज सारखंच खोटं बोलतो, आज थोडं उद्या जास्त असं करत नाही. टायमरचा आकडा एकानं चुकला, शून्यापासून मोजायचं विसरलं, तरी आठवड्याला दहा-बारा सेकंदांच्या वर फरक पडत नाही. मी तो आकडा कागदावर मांडून पाहिला. बरोबर होता. क्रिस्टल बदलला, काही फरक नाही. मग थंडीचे चार दिवस आले, नाशिकला येतात तसे कडकडीत, आणि त्या आठवड्यात डबी जेमतेम सात मिनिटं मागे पडली. सापडलं, म्हटलं! उष्णतेचा दोष. गाळ्यात तसलीच दुसरी डबी बनवली, तोच प्रोग्राम भरला, आणि ती एक दिवस फ्रीजमध्ये ठेवली, एक दिवस बोर्ड वाळवायच्या भट्टीजवळ. फ्रीजमध्ये डबा ठेवायला आलेल्या सहकाऱ्यानं विचारलं, "हे काय, भाजी का?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती दुसरी डबी माझ्या टेबलावर आठ दिवस चालली, गारठ्यात आणि उन्हात, आणि आठ दिवसांत दोन सेकंदांचा फरक. देवळालीची डबी तेवढ्याच दिवसांत एक्केचाळीस मिनिटं मागे. तोच प्रोग्राम, तीच चिप. मी अक्षरशः हात टेकले. बायको म्हणाली, "बाजारात घड्याळाची तयार चिप मिळते ना, ती का नाही बसवत?" मिळते. स्वस्त मिळते, बसवायला अर्धा तास लागतो. पण मी ऐकलं नाही. मला माझ्याच टायमरकडून ती वेळ बरोबर करून हवी होती. हा माझा हट्ट होता, आणि तो बाबांना भोगावा लागला.

एका शनिवारी बाबा पडले. दुपारी चारची गोळी होती. आठवडा संपत आला होता, म्हणजे डबी तेव्हा अर्धा तास तरी मागे असणार, आणि आई माझ्या हुकमाप्रमाणे घड्याळाकडे न बघता डबीची वाट पाहत होती. बाथरूमच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय चिकटले आणि ते तोंडावर आपटले. भुवईवर चार टाके पडले. खुबा वाचला. मी पोहोचलो तेव्हा पांढऱ्या पट्टीखालून बाबा माझ्याकडे बघत होते आणि आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मी घड्याळ बघितलं नव्हतं रे, तू सांगितलं होतंस म्हणून मी बघितलं नाय." मला तिच्याकडे बघवेना. दुसरं काही सुचेना म्हणून मी डबी उचलली आणि पुन्हा फोनच्या वेळेशी लावून ठेवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तो प्रकार झाला. त्याआधी एक सांगायला हवं. आमच्याकडे टेबलावर तपासायला ठेवलेली कुठलीही डबी वाजायला लागली की सगळे ओरडतात, कारण त्या बझरनं कान किटतात. म्हणून आमची एक सवय आहे. बटणाच्या दोन टोकांना वायरचा तुकडा टाचून ठेवायचा. त्यामुळे बटण कायम दाबलेलंच राहतं आणि डबी वाजायला गेली की एकदा 'पीं' करून लगेच गप्प होते. सगळे असंच करतात, मीही आठ दिवस तसंच केलं होतं. त्या शुक्रवारी तो तुकडा निघून पडला. एक वाजला, टेबलावरची ती दुसरी डबी बोंबलायला लागली, आणि माझ्या कानाला फोन होता. पलीकडे दिंडोरीचा एक बागाईतदार त्याच्या व्हॉल्व्हची कैफियत सांगत होता. त्याला मध्येच तोडता येईना. मी एका कानात बोट घालून बाहेर गेलो, मागे सहकाऱ्यांच्या शिव्या ऐकू येत होत्या, पण माझ्या डबीला हात लावायची हिंमत कुणाची झाली नाही. फोन संपवून आलो, बटण दाबलं, आणि सवयीनं वेळ पाहिली. डबी सहा मिनिटं मागे. फोनवर बोललो होतो तेही सहाच मिनिटं.

मी खुर्चीत बसलो आणि त्या रविवारचा प्रोग्राम उघडला. सापडायला एक मिनिटही लागलं नाही. बझर वाजवायच्या चार ओळी मी इंटरप्टच्या आतच लिहिल्या होत्या. बटण दाबेपर्यंत वाजत राहा, असं दारातच उभं राहून. टायमर बिचारा दर सेकंदाला हाक मारत होता आणि चिप बझर वाजवत दारात उभी होती. त्या हाका वाया गेल्या. थोडक्यात, डबी वाजत असेल तेवढा वेळ तिचं घड्याळ थांबलेलं. पोरांना ज्या चुकीवरून मी फाडून खातो, तीच चूक, शब्दशः तीच. मी कपाळावर हात मारून घेतला. त्या ओळी इंटरप्टच्या बाहेर काढल्या आणि डबी पुन्हा वाजवून पाहिली. वाजते आहे आणि सेकंदही पुढे सरकताहेत. झालं, मिटलं.

मिटलं असं वाटलं ते चहा पिईपर्यंत. मग लक्षात आलं. डबी वाजते तेवढीच मागे पडते, तर मग एक्केचाळीस मिनिटं मागे पडली त्या आठवड्यात ती एक्केचाळीस मिनिटं वाजत होती. कुणी बटण न दाबता. चोवीस, सदतीस, एकोणतीस, हे सगळे आकडे म्हणजे बाबा शेजारी ताठून बसलेत आणि डबी बोंबलतेय, त्याचा हिशेब. आणि थंडीचा तो आठवडा? त्या चार दिवसांत ताई माहेरी आली होती. ती डबी वाजताच उठत असणार. थंडीचा काही संबंध नव्हता.

मग मला आईचा असा काही राग आला! ही बाई करते काय? मालिका बघत बसते, की शेजारणीशी कुंपणावरून गप्पा मारते? बाबांचे टाके अजून निघाले नव्हते. मी अर्धी सुट्टी टाकली, दुरुस्त केलेली डबी पिशवीत घातली आणि निघालो. द्वारकाच्या चौकात नेहमीसारखं सगळं अडकलेलं. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंनी रिक्षा, डोक्यावर ऊन. तिथे उभा राहून मी आईशी भांडणाची उजळणी करत होतो. कुठल्या वाक्यानं सुरुवात करायची, तेसुद्धा ठरवलं होतं. ते वाक्य मला आज आठवतं आणि लाज वाटते.

साडेतीनला पोहोचलो. आईनं विचारलं, "आज कसा काय?" मी म्हटलं डबी बदलायला आलोय. जुनी काढून नवी ठेवली, वेळ फोनशी लावली, आणि बाबांच्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसलो. ठरवलं होतं, चार वाजता ही कुठे जाते आणि काय करते ते डोळ्यांनी बघायचं, आणि मगच तोंड उघडायचं. आई मागच्या पडवीत बाजरी निवडायला बसली. दार उघडं होतं. माझ्यापासून ती दहा-बारा पावलांवर, आमच्याकडे पाठ करून.

चारला डबी वाजली. पीं पीं पीं. आई हलली नाही. सुपात बोटं फिरवत राहिली.

मला वाटलं, मुद्दाम करते. पुढे वाटलं, हातातलं सरलं की उठेल. एक मिनिट गेलं. मी उठून ओरडणार, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती. "थांब," ते म्हणाले. "येईल ती."

त्यांनी हाक मारली. "अगं." त्यांचा आवाज आता इतका बारीक झालाय की मलाच शेजारी बसून जेमतेम ऐकू आला. पुन्हा म्हणाले, "अगं ए." डबी बोंबलत होती. आई बाजरीतले खडे वेचून बाजूला टाकत होती. तेवढ्यात मागच्या गल्लीतून कुणाची तरी बुलेट धडधडत गेली. आईनं लगेच मान वर केली, बुलेट गेली त्या दिशेला पाहिलं आणि पुन्हा सुपात डोकं घातलं.

तेव्हा मला कळलं. तिला बुलेटची धडधड ऐकू येत होती. डबीची ती बारीक शिट्टी तिला ऐकूच येत नव्हती. मोबाईलचा गजर वाजलाच नाही म्हणाली होती, ते खरं होतं. तिच्यापुरतं ते पूर्ण खरं होतं. फोनवर ती "काय? काय म्हणतोस?" करायची आणि मी कॅम्पातल्या रेंजला शिव्या घालायचो. माझ्या अंगातला राग गेला आणि त्या जागी काही राहिलंच नाही. नुसतं बसून राहावंसं वाटलं.

मी उठून बटण दाबायला हवं होतं. पण बाबा मनगट सोडेनात. मधूनमधून ते माझ्याकडे बघत आणि डोळ्यांनीच बस म्हणत. सहा-सात मिनिटं आम्ही बाप-लेक त्या आवाजात तसे बसलो. बाबा हे रोज करत होते. दिवसातून एकदा तरी, ती पलंगाजवळ नसली की, अंग ताठत चाललेलं, कानाशी ही पिपाणी आणि समोर उघड्या दारातून तिची पाठ. मला रडू आलं. ते बाबांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

शेवटी आई डब्यासाठी की कशासाठी आत आली. पलंगाजवळ आल्यावर तिला आवाज ऐकू आला. "अगंबाई! वाजतीय की. आत्ताच ना?"

"आत्ताच," बाबा म्हणाले.

तिनं झटकन बटण दाबलं, गोळी काढली, एका हातानं त्यांची मान सावरली, दुसऱ्या हातानं पाणी दिलं. हे सगळं तिला सवयीचं होतं, एक थेंब सांडला नाही. मग माझ्याकडे वळून जरा तोऱ्यातच म्हणाली, "बघ. एक मिनिट उशीर करत नाय मी. त्या दिवशी पडले ते कसे पडले, देवालाच माहीत."

"हो आई," मी म्हटलं. "दिसतंय ना."

ती पडवीत गेल्यावर मी बाबांना विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. बाबांना एक वाक्य बोलायला वेळ लागतो. गोळी अजून चढायची होती. "तिला वाटतं," ते म्हणाले, थांबले, श्वास घेतला. "तिला वाटतं, ती लगेच येते." पुन्हा थांबले. "राहू दे."

"पण तुम्ही पडलात, बाबा."

"मी पडलो," ते म्हणाले. "ती पडू नये."

मी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. ते भांडण अजून बाकी आहे, आणि ते मलाच करावं लागणार आहे. त्यासाठी लागणारं बळ कुठून आणायचं, ते मला माहीत नाही.

मी बाजारात जाऊन वायर आणि लाल रंगाचे दोन मोठे एलईडी दिवे आणले. एक स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावला, एक पडवीच्या खांबावर, आईची नजर पडेल असा. बझर काढून टाकला. दोन तास भिंतीला खिळे ठोकत होतो आणि आई शिडी धरून उभी होती, कशासाठी ते न विचारता. सगळं झाल्यावर तिनं विचारलं.

"बाबांना त्या पिपाणीचा त्रास होतो," मी म्हटलं. "म्हणून आवाज बंद केला. आता दिवा लागला की गोळी."

ती दिव्याकडे बघत राहिली.

सातला दिवा लागला. आई ओट्याशी भाकरी थापत होती. मी फोनमध्ये वेळ बघेपर्यंत ती पिठाचे हात पदराला पुसत पलंगाशी पोहोचली होती. वेळेवर, अगदी पहिल्या मिनिटात. गोळी दिली, पाण्याचा पेला खाली ठेवला, पदरानं बाबांची हनुवटी टिपली.

"बरं झालं तू तो आवाज काढलास," आमच्या दोघांकडेही न बघता ती म्हणाली. "माझं तर डोकं उठायचं त्यानं. सारखं पीं पीं, सारखं पीं पीं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "हो ना." आणि मीही म्हणालो, "फारच कर्कश होता, आई."